अकरा गाड्या आणि पेढ्यांचा डबा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. हे पाहा, तुम्ही तर आत्ताच हसून राहिले! बरं, हसा. ऐकल्यावर माझी बायको फोनवर पाच मिनिटं हसली होती, ती माझीच बायको. तुमच्यावर काय रागवू?

भोपाळचं राज्य तुटून रायपूरचं नवं-नवं झालं होतं तेव्हाची गोष्ट. मी भोपाळला मंत्रालयात बाबू. एक दिवस यादी लागली. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. माझं, मेश्राम हे नाव निघालं रायपूरच्या कागदावर. बायको भोपाळच्या शाळेत मास्तरीण, मुलगी दहावीत. त्या दोघी तिकडेच राहिल्या, आणि मी एक बॅग, एक स्टोव्ह आणि एक बुटाचं खोकं घेऊन ब्राह्मणपाऱ्यातल्या एका खोलीत येऊन पडलो.

खोक्यात काय? बूट नव्हते. गाड्या होत्या! मुठीत मावतील एवढ्या, धातूच्या. त्या उंच, दांडग्या जीपगाड्या असतात ना, ज्यांना आता सगळे एसयूव्ही म्हणतात, त्यांची हुबेहूब छोटी मॉडेलं. पहिली मी मुलीसाठी घेतली होती. तिनं मागितली होती बाहुली. तिनं गाडीला हातही लावला नाही, म्हणून ती माझ्याकडे राहिली. मग दुसरी आली, तिसरी आली. रायपूरला आलो तेव्हा सात होत्या.

आता एकटा माणूस ऑफिसातून आल्यावर करणार काय? खिचडी लावायची आणि गाड्या फरशीवर मांडायच्या. एकाच जीपेची दोन वेगळ्या कंपन्यांनी केलेली मॉडेलं शेजारी-शेजारी ठेवायची आणि पाहत बसायचं. हिची दारं उघडतात, तिची नाही. हिला रबरी टायर, तिला प्लास्टिकचे. ही मागे ओढून सोडली की सुर्रकन धावते, ती ढिम्म. वहीत लिहून ठेवायचो सगळं. पण दाखवू कोणाला? बेचाळीस वर्षांचा बाप्या!

एकदा घरमालकीण दारातून डोकावली. मी फरशीला गाल लावून, एक डोळा मिटून टायरची नक्षी पाहून राहिलो होतो.

"भैया, तबियत ठीक है न?"

"हव दीदी, कमर में दर्द है."

तेव्हापासून ती रोज माझ्या कमरेची चौकशी करायची. खरं सांगू? ऑफिस सोडलं तर दिवसभरात मला कोणी विचारलेला तो एकच प्रश्न असायचा. म्हणून मी कमर कधी बरी होऊच दिली नाही.

तर एक दिवस चहाच्या टपरीवर मी साहूजींना म्हणालो, "मुझे गाड़ियों का शौक है." साहूजी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे बाबू. 'छोटी' हा शब्द मात्र मी लाजेनं गिळला. तिथंच घात झाला.

"अरे, तो तेलीबांधा वाले डोंगरे जी से मिलिए!" साहूजी म्हणाले. "आप ही के तरफ के हैं, मराठी. उनको भी बड़ा शौक है. ग्यारह ठन गाड़ी रखे हैं, रोज पोंछते हैं."

अकरा! आणि मराठी! साहूजींकडून लगेच नंबर घेतला. ऑफिसातूनच फोन लावला आणि सवयीनं बोलून गेलो, "मंत्रालयातून मेश्राम बोलून राहिलो."

तिकडून एकदम खुर्ची सरकल्याचा आवाज. "बोला साहेब!"

"तुमच्याकडे अकरा गाड्या आहेत म्हणे?"

"हव साहेब, अकराच्या अकरा चकाचक!"

"दारं उघडतात का?"

"उघडतात ना साहेब! सगळीच्या सगळी!"

"वा! माझ्याकडच्या दोघींची उघडत नाहीत."

"तुमाले खराब माल देला साहेब कोणी तरी."

"टायर रबराचे का?"

"मंग? यंदाच नवे टाकले."

टायर नवे टाकतो! काय हौशी माणूस! "आणि मागे ओढून सोडली की धावते का?"

"धावन साहेब. तुम्ही या तं सही."

"घरचे काही म्हणत नाहीत तुम्हाला?"

"घरचे काय म्हंतीन? याच्यावरच तं घर चालून राहिलं!"

मला वाटलं, काय विनोदी माणूस! मी इतका हसलो की साहूजींनी वळून पाहिलं. रविवारी दुपारी जायचं ठरलं.

रविवारी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. बुटाचं खोकं घेऊन कुठं कोणाच्या घरी जायचं? बरं नाही दिसत. म्हणून पेढ्यांचा रिकामा डबा घेतला, कापूस अंथरला, सातही गाड्या निजवल्या आणि वरून सुतळी बांधली.

डोंगरे फाटकातच उभे. जाडजूड माणूस, कपाळावर गंध, पांढरा शुभ्र शर्ट. "या साहेब, या!" मागे त्यांची बायको, तिच्या मागे कॉलेजात जाणारी मुलगी. वहिनींनी माझ्या हातातला डबा पाहिला आणि "याची काय गरज होती जी!" म्हणत तो घेऊन आत गेल्या. मी तोंड उघडेपर्यंत डबा फ्रिजमध्ये! म्हटलं असू दे, हौशी माणसाचं घर आहे, यांना सांभाळायचं कसं ते माहीत असेल.

आणि मग पान वाढलं. पातोडीचा रस्सा, वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, जवसाची चटणी. अहो, किती महिने झाले होते मला पानावर बसून! वहिनी विचारत होत्या, "अजून अर्धी देऊ का?" आणि माझे डोळे भरून आले.

"तिखट झालं का जी?"

"हो, जरा," मी म्हणालो. काय सांगणार दुसरं?

"सावकाश जेवा साहेब," डोंगरे म्हणाले. "गाड्या कुठी पळून नाही राहिल्या."

जेवण झालं. मुलगी माझा डबा आणि बशी घेऊन आली, सुतळी सोडली आणि ओरडली, "मम्मी, ये तो मिठाई नहीं है!"

सगळे वाकून पाहू लागले. कापसावर सात जीपा, सगळ्या गारठलेल्या. मी अभिमानानं म्हणालो, "पाहा!"

डोंगरेंनी गाड्या पाहिल्या. मला पाहिलं. पुन्हा गाड्या पाहिल्या. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "समजलो साहेब."

"काय?"

"अकरापैकी सातच घ्याच्या आहे. दोन काल्या, चार पांढऱ्या. लाल मात्र आपल्यापाशी नाही, साहेब. पण तुम्ही म्हणान तं एक रंगवून देतो!"

"नाही, नाही!" मी किंचाळलोच. रंगवायची? आमच्या छंदात हे पाप! "मुळीच रंगवू नका. कंपनीच्या रंगातच खरी मजा आहे."

"पाह्य!" डोंगरे बायकोला म्हणाले. "साहेब पारखी आहे!" आणि मला म्हणाले, "चला, मागं लावून ठेवल्या आहे."

मागचं दार उघडलं.

तुम्हाला कळलंच असेल. मला मात्र तिथं उभं राहून कळायला बराच वेळ लागला! अंगणात अकरा गाड्या. खऱ्या! माणसापेक्षा उंच, धुतलेल्या, पहिलीच्या बॉनेटवर झेंडूचा हार. प्रत्येकीपुढे एक ड्रायव्हर. मी उंबऱ्यावर दिसताच अकरा जणांनी सलाम ठोकला. मीही ठोकला! काय करणार?

त्या क्षणी सांगून टाकायचं की नाही? पण पोटात त्यांची पातोडी होती हो! मी पायरी उतरलो, पहिल्या गाडीच्या टायरला पाय लावला आणि म्हणालो, "हं."

"दारं!" डोंगरे ओरडले. धाड, धाड, धाड! अकरा गाड्यांची सगळी दारं उघडली. "फोनवर तुम्ही इचारलं ना, तवाच मनात म्हटलं, साहेब बारीक पाह्यणारे आहे. आता मागं घेऊन दाखवू?"

"मागं?"

"तुम्हीच म्हटलं होतं ना, मागं ओढून सोडली की धावते का? रिव्हर्स पाह्याचा असन!"

आणि अकराही गाड्या एकदम रिव्हर्स! धूर, आवाज, तुळशीचं वृंदावन थोडक्यात वाचलं. त्या गोंगाटात डोंगरे माझ्या कानाशी आले. "साहेब, आज लग्नाचा मुहूर्त आहे. दोन वरातींना नाही म्हटलं मी. म्हटलं, नवं सरकार आहे, त्याले गाड्या किरायानं लागून राहिल्या, एकदा काम भेटलं तं पोरीचं शिक्षण निघून जाईन."

"भाऊ," मी म्हणालो, "मी वाहनवाल्या शाखेत नाही. आवक-जावकला आहे. कागदांवर शिक्के मारतो."

"मंग गाड्या पाह्यले काहून आले?"

"मले वाटलं, तुमच्याही…" मी दोन बोटांनी माप दाखवलं. "एवढ्याशाच आहे."

गाड्या बंद झाल्या.

"खेळणे?" डोंगरे म्हणाले. तोंडातला 'साहेब' गेला होता. "खेळण्यासाठी मी वराती सोडल्या?"

"जाऊ द्या ना जी," वहिनी दारातून म्हणाल्या. "जेवला तं आहे मानूस."

मी डबा उचलून निघणारच होतो. तेवढ्यात काळ्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "भैया, हमारी वाली दिखाना." मी त्याच्या तळहातावर छोटी काळी ठेवली. त्यानं ती खरीच्या शेजारी धरली, एक डोळा मिटला, अगदी माझ्यासारखा! "अरे, इसका तो स्टेपनी भी घूमता है!" मग दुसरा आला, तिसरा आला. सगळे वाकले. कोणी दार उघडून पाहिलं, कोणी बंपर तपासला. शेवटी खुद्द डोंगरे वाकले आणि म्हणाले, "हिचा आरसा चुकला आहे. आपल्या गाडीचा चौकोनी आहे, हा गोल देला." चार वर्षं ती गाडी माझ्याकडे होती, आणि हे मला दिसलंच नव्हतं! मी वही काढून तिथंच लिहून घेतलं. रायपुरात आल्यापासून त्या पाच मिनिटांएवढा आनंद मला झाला नव्हता.

मग डोंगरेंनी घड्याळ पाहिलं. "वरात निघाली नसन अजून. जा बे, पाहा भेटते का!" एकेक गाडी फाटकातून बाहेर पडली. धूळ खाली बसली तेव्हा अंगणात मी, डबा आणि हाराची गळालेली दोन-चार फुलं. घरापर्यंत सोडून देऊ का, असं कोणी विचारलं नाही. विचारणार तरी कसे? तेलीबांध्याच्या तलावाच्या काठानं चालत खोलीवर आलो.

त्या आठवड्यात बायकोला सगळं सांगितलं. ती हसली ते सांगितलंच मी तुम्हाला. हसणं थांबल्यावर म्हणाली, "चांगली माणसं दिसून राहिली. माफी मागा. आणि या वेळी कशासाठी येता ते सरळ सांगा."

पुढच्या रविवारी सकाळी मी पीसीओवर गेलो. काचेच्या खोक्यात उभं राहून आधी पाठ केलं: 'भाऊ, मी मेश्राम. गाड्यांसाठी नाही, नुसतं बसायला येऊ का?' फोन लावला. मुलीनं उचलला.

"पापा!" ती ओरडली. "वो खिलौने वाले अंकल का फोन है!"

आणि आतून डोंगरेंचा आवाज, अगदी स्पष्ट, "सांग, घरी नाही म्हनाव!"

"अंकल, पापा घर पर नहीं हैं."

आता शहाण्या माणसानं काय करावं? 'बरं बेटा' म्हणून ठेवून द्यावा ना फोन? मी म्हणालो, "कोई बात नहीं बेटा. पापा को बोलना, मैंने फोन किया ही नहीं."

तिनं जसंच्या तसं ओरडून सांगितलं! आतून एक मोठं हसू फुटलं. डोंगरेंचं, वहिनींचं, सगळ्यांचं. मीही हसलो. वाटलं, चला, राग गेला, आता येतील ते फोनवर. शर्टाची कॉलर नीट केली, घसा साफ केला, आणि बोलायला लागलो. "भाऊ, मी मेश्राम. गाड्यांसाठी नाही बरं का. तुमचं म्हणणं खरं होतं, आरसा चौकोनीच पाहिजे. मी रस्त्यावर रोज पाहून राहिलो. वहिनींना सांगा, त्या दिवशी भाजी तिखट नव्हती…"

पीसीओवाल्यानं काचेवर टकटक केलं.

"भैया, वो तो कब का कट गया है."