नात्याचा रकाना

शेजारच्या कुसुमताई न्हाणीघरात घसरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. त्यांचं जवळचं असं कुणी उरलेलं नाही. मी आणि त्यांच्या समोर राहणाऱ्या देशमुखबाई त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. ऑपरेशनच्या संमतीचा कागद भरताना खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "पेशंटशी नातं काय?"

"शेजारीण," देशमुखबाई म्हणाल्या.

"नातेवाईक लागेल हो."

देशमुखबाई म्हणाल्या, "मग बहीण लिहा."

मुलीनं त्यांच्याकडे एकवार पाहिलं आणि 'बहीण' लिहिलं.

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. नाती, हुद्दे, सरहद्दी झाडांसारख्या उगवत नाहीत; माणसं त्या मिळून रचतात आणि मग त्यांतच राहू लागतात, हा रचनावाद दरवर्षी मुलांना समजावते. पण असं काही रचलं जाताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पेज घेऊन गेले. वीस वर्षं या दोघी एकमेकींना 'अहो' म्हणत आल्या होत्या. भाजीची वाटीसुद्धा उंबऱ्यावरूनच द्यायच्या. खोलीच्या दाराशी पोचले तर आतून आवाज आला, "अगं, हळू पी की! सांडवशील सगळं."

"तू आधी घरी जाऊन जरा आडवी हो," कुसुमताई म्हणाल्या. "दोन रात्री खुर्चीत काढल्यास. पाठ दुखत असेल तुझी."

आपण काय बोललो, हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. मी डबा घेऊन बाहेरच थांबले.