नदीकडचा कोपरा

रविवारी सकाळी स्टॅमॅटिसने फुटबॉलच्या मैदानाच्या नदीकडच्या कोपऱ्यात पाण्याची नळी टाकली, तोटी सोडली आणि कॉफी प्यायला निघून गेला. परत यायला त्याने मुद्दाम वेळ लावला. आला तेव्हा कोपऱ्यातल्या गवतात बूट रुतत होता. उभा जन्म या मैदानाची राखण केलेल्या माणसाने आपल्याच हाताने चिखल केला होता आणि ते त्याच्या जिवाला लागत होतं.

पण कारण घरचं होतं. संघाचा लेफ्ट बॅक, म्हणजे बचावाची डावी बाजू राखणारा, अर्गिरिस हा त्याचा जावई. वय पस्तिशीपलीकडे, गुडघा कुरकुरणारा. क्लबच्या अध्यक्षांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं, "आज त्या लाल बुटांच्या पोराला अडवून दाखव, मग पुढच्या मोसमाचं बोलू." लाल बुटांचा पोरगा म्हणजे पाहुण्या संघाचा उजव्या बाजूचा विंगर, वाऱ्यासारखा पळणारा. करार झाला नाही तर अर्गिरिस बायको-पोरीला घेऊन जर्मनीला भावाच्या हॉटेलात कामाला जाणार होता. मरीनाने, म्हणजे स्टॅमॅटिसच्या लेकीने, बॅगासुद्धा माळ्यावरून काढल्या होत्या. जर्मनीला गेलेली माणसं ऑगस्टमध्ये येतात, कलिंगड खातात आणि जातात. मग नात पोपी त्याला वर्षातून कलिंगडाच्या दिवसांतच दिसणार.

हिशेब साधा होता. घरच्या मैदानावर त्यांचा संघ पूर्वार्धात नेहमी नदीकडचा गोल राखायचा. म्हणजे तो कोपरा अर्गिरिसचा. तो पोरगा तिथेच येणार, तिथेच रुतणार. उत्तरार्धापर्यंत ऊन कोपरा सुकवेल आणि पोरगा दमलेला असेल.

नाणेफेक पाहुण्यांनी जिंकली. त्यांच्या कर्णधाराने एकदा सूर्याकडे पाहिलं आणि राखायला नदीकडचा गोल मागितला. आजवर कुठल्याच पाहुण्याने बाजू बदलून मागितली नव्हती.

"अगं आई गं," स्टॅमॅटिस कठड्याला धरून म्हणाला.

"काय झालं?" शेजारी भाजलेल्या बिया विकणारा पांडेलिस उभा होता. "नाणं तुझं होतं का?"

स्टॅमॅटिसने त्याच्याकडून बियांची पुडी घेतली आणि न सोलताच चावायला लागला.

खेळ सुरू झाला. आता आपला संघ नदीकडे चाल करत होता आणि तो चिखल आपल्याच राइट विंगरच्या वाट्याला आला होता. पहिल्याच चेंडूवर तो घसरला. दुसऱ्यांदा चेंडू पुढे ढकलला तर चेंडू जागीच थबकला आणि तो एकटाच पुढे गेला. प्रेक्षकांनी त्याच्या आईची चौकशी केली. मग मधल्या फळीने शहाणपणा केला आणि सगळे चेंडू डावीकडे वळवले, अर्गिरिसकडे. बिचारा बॅक असून हल्ला चढवायला पुढे जाऊ लागला. जायचा, गोलसमोर क्रॉस मारायचा आणि गुडघा सांभाळत परत पळायचा. त्याच्या पाठीमागे मोकळं, कोरडं, सपाट मैदान पसरलेलं.

"हा इतका पुढे का जातोय?" पांडेलिस म्हणाला. "मागे भगदाड पडलंय. बैलगाडी जाईल."

"गप रे."

बैलगाडी नाही, लाल बूट गेले. अर्गिरिसचा क्रॉस त्यांच्या गोलकीपरने पकडला, लांब फेकला, आणि पोरगा मधल्या रेषेवरून सुटला तो थेट गोलपर्यंत. अर्गिरिस त्याच्या मागे पळत होता, पण ते पळणं गाडी चुकलेल्या माणसासारखं होतं. एक-शून्य. स्टॅमॅटिसने वर गॅलरीकडे पाहिलं. अध्यक्ष थंड कॉफीची स्ट्रॉ दातात धरून शेजाऱ्याशी काहीतरी बोलत होते.

मध्यंतरातही कोपरा सुकला नव्हता. स्टॅमॅटिस दाताळं घेऊन कोपऱ्यात धावला. उखडलेली ढेकळं पायाने दाबायला लागला. अर्गिरिस आत जाताजाता त्याच्यापाशी आला.

"बाबा, नळी फुटली का?"

"जुनी झालीय."

"जुन्या नळ्या फुटतात तेव्हा सगळीकडे फुटतात. हिला माझाच कोपरा बरा सापडला."

"अरे, मला वाटलं…"

"मला कळलं तुम्हाला काय वाटलं." तो चिडला नव्हता, हेच स्टॅमॅटिसला जास्त लागलं. "आता बाजू बदलली की मलाच यात नाचायचंय. असू दे. तो इथे आला तर तोही नाचेल."

पण तो आलाच नाही. पाहुण्यांच्या प्रशिक्षकाने पूर्वार्धभर तो चिखल जवळून पाहिला होता. उत्तरार्ध सुरू होताच त्याने लाल बुटांच्या पोराला पलीकडच्या कोरड्या बाजूला पाठवलं. इकडे अर्गिरिसपुढे एक संथ खेळाडू येऊन नुसता उभा राहिला. तिकडे आपला तरुण राइट बॅक पिवळं कार्ड घेऊन बसला होता. दुसरं मिळालं की मैदानाबाहेर, म्हणून त्याला पोराच्या अंगाला हात लावायची भीती.

अर्गिरिसवर आता संकट नव्हतं, हेच संकट होतं. ज्याला अडवून दाखवायचं तो शंभर पावलांवर, आणि हा चिखलात रिकामा उभा. अध्यक्ष काय बघणार? स्टॅमॅटिस कठड्यालगत येरझाऱ्या घालू लागला.

"एका जागी उभा राहा बाबा," पांडेलिस म्हणाला. "माझ्या बिया सांडतायत."

तेवढ्यात अर्गिरिस बाजूरेषेकडे धावत आला आणि प्रशिक्षकाला ओरडून म्हणाला, "मला पलीकडे टाका!"

"डोकं फिरलं का? तू डाव्या पायाचा!"

"म्हणूनच सांगतोय! तो तिकडून सारखा आत वळतोय, उजव्या पायावर चेंडू घ्यायला. वळला की थेट माझ्या डाव्या पायावर येतो!"

प्रशिक्षकाने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि हाताने जा म्हणून खूण केली. दोन्ही बॅकनी जागा बदलल्या.

पहिल्या वेळी पोरगा आत वळलाच नाही, बाहेरून निघून गेला. स्टॅमॅटिसने डोळे मिटले. क्रॉस बाहेर गेला म्हणून निभावलं. त्यानंतर अर्गिरिस दोन पावलं मागे, थोडा बाहेरच्या अंगाला उभा राहू लागला. जणू म्हणत होता, ये, आतली वाट मोकळी आहे. पोरगा आत आला. डावा पाय पुढे झाला, चेंडू अर्गिरिसकडे. पुन्हा आला, पुन्हा तेच. चौथ्या खेपेला पोरगा रेफरीकडे हात पसरून तक्रार करू लागला आणि गॅलरी हसली. तिथेच हिरावलेल्या एका चेंडूवरून, अर्गिरिसच्या लांब पासवर, बरोबरीचा गोल झाला. पांडेलिसने स्टॅमॅटिसला मिठी मारली. स्टॅमॅटिस मात्र गोलकडे नव्हे, गॅलरीकडे बघत होता.

सामना बरोबरीत सुटला. अध्यक्ष खाली आले, अर्गिरिसच्या खांद्यावर हात ठेवून काही बोलले आणि गाडीकडे गेले.

"काय म्हणाले?" स्टॅमॅटिसला धाप लागली होती.

"एक वर्ष."

"एकच?"

"एकच. पगार थोडा कमी." अर्गिरिस मोजे खाली करत होता. गुडघा सुजून लालभडक झाला होता. "मरीनाला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ती आधी गुडघा बघेल."

स्टॅमॅटिसने फोन लावला. तिकडून पोपीचा आवाज आला, "आजोबा, आम्ही जातोय का?"

"नाही गं. यंदा नाही," तो म्हणाला, आणि 'यंदा' हा शब्द तिच्या लक्षात येऊ नये म्हणून घाईघाईने म्हणाला, "आईला दे."