त्रेसष्टपैकी एकच सभासद

आमच्या घरात एक नियम आहे. बाईमाणसानं जाळं ओलांडायचं नाही. वाळत घातलेलं असो की दुरुस्तीला पसरलेलं, फिरून जायचं. डोक्यावर मासळीची टोपली असली तरी फिरून जायचं.

"काहून?" असं मी सहा वर्षांची असताना आईला विचारलं होतं. आई म्हणाली, "विचारायचं नाही." संपलं! नियमासोबत त्याचं कुलूपही मिळालं.

पण आज मी तुम्हाला जाळ्याची तक्रार सांगायला बसले नाही. आज माझ्या शहाणपणाची गोष्ट आहे. बी.एस्सी. कॉम्प्युटर, पहिला वर्ग, असा माझा रुबाब. त्या रुबाबानं मी भर दुपारी, सगळ्या गावासमोर अशी काही तोंडावर आपटले की अजून चहाच्या टपरीवर लोक मला बघून "आली वो कंप्युटरवाली" म्हणतात. चहा घ्या, सांगते.

लाखनीच्या पलीकडे, हायवे सोडून आत, आमचं गाव. गावाला मोठा तलाव. तलावात मासेमारी करते आमची मच्छीमार सोसायटी, आणि सोसायटीचे सचिव माझे मोठेबाबा, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. तलाव पुढच्या पाच वर्षांसाठी सोसायटीकडेच राहावा म्हणून त्या दिवशी पाच वाजायच्या आत लाखनीच्या ऑफिसात फाईल द्यायची होती. नाही दिली, तर तलाव बाहेरच्यांना. सरळ हिशेब. आणि फाईलमध्ये राहिली होती फक्त एक यादी: जुन्या सभासदांपैकी ज्यांनी नवीन फॉर्म भरून दिले, त्यांची.

मोठेबाबांनी खिशातून लाल पेन काढला. "मी टिका मारतो. घंटाभरात होते."

घंटाभर! लाल पेन! मला सहनच होईना.

"मोठेबाबा, दोन मिनटाचं काम हाय. तुमी बसा निवांत."

मी सोसायटीच्या खोलीकडे निघाले. आणि दारासमोर काय? पायरीपासून पार कुंपणापर्यंत पसरलेलं जाळं. फिरून जायचं म्हणजे खोलीच्या मागून, बेशरमीच्या झुडपातून, घोटाभर चिखलातून. हातात फॉर्मांचा गठ्ठा. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि टाकली टांग.

"ये पोट्टे!"

ओट्यावर सुखदेव आजा बसले होते. सोसायटीचे सगळ्यात जुने सभासद. त्यांना जवळची तंबाखूची डबी दिसत नाही, पण बाईचा पाय जाळ्यावरून गेलेला अर्ध्या कोसावरून दिसतो.

"जाळं ओलांडलं तुनं! आता पाह्य काय होते!"

"काही होत नाही आजा. दोन मिनटं थांबा."

हे 'दोन मिनटं' लक्षात ठेवा बरं का.

आता सोसायटीचा कंप्युटर विंडोजवाला. पण मी युनिक्सवर शिकलेली पोरगी, म्हणजे विंडोजच्या चुलत घराण्यातली. काळी खिडकी उघडायची, एक ओळ लिहायची, एंटर मारायचा, काम खल्लास. विंडोजवरही ही युनिक्सची हत्यारं चालवता येतात. पाहुणी म्हणून येतात, पण कामं करतात. ती मी आधीच टाकून ठेवली होती. जुनी यादी मोठेबाबांनी वर्षानुवर्षं नोटपॅडमध्ये एका बोटानं टाइप केलेली. नवीन फॉर्मांची यादी मी काळ्या खिडकीत बसून टाइप केली. फॉर्मवर नाव जुन्या यादीत आहे तसंच लिहायचं, असा मोठेबाबांचा हुकूम होता, म्हणजे चुकायला जागाच नाही. मग मी ऐटीत आज्ञा दिली: दोन्ही याद्यांत जी नावं आहेत, तेवढी दाखव.

एंटर.

एक नाव आलं.

त्रेसष्ट सभासदांची यादी, आणि जुळलं किती? एक!

शहाणं माणूस इथे काय करतं? थांबतं. चहा पितं. आपलंच काही चुकलं का बघतं. मी काय केलं? मी आज्ञा पुन्हा दिली. पुन्हा एकच नाव. तिसऱ्यांदा दिली. तेच. आणि ते नाव कुणाचं होतं ठाऊक आहे? सचिवांचं. खुद्द मोठेबाबांचं!

माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. पेटली म्हणजे काय, स्फोटच झाला. वर्तमानपत्रात बोगस यादीच्या बातम्या वाचतच होते. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. अंगणात दहा-बारा सभासद फाईलची वाट बघत बसलेले.

"मोठेबाबा! ही यादी बोगस हाय!"

सगळे उठून उभे.

"त्रेसष्टपैकी बासष्ट नावं खोटी हायेत!"

देवाजी काका पुढे आले. हेच मोटारसायकलवर फाईल घेऊन जाणार होते. "म्हणजे मी खोटा?"

"मी नाही म्हणत काका. कंप्युटर म्हणते."

"मी खोटा त परवा तुया मायनं रांधलेली मरळ कोणं पकडली व?"

"ते मले नाही माहीत. पण यादीत तुमी नाही."

"अन खरा कोण हाय मंग?"

इथे तरी मी गप्प बसायचं होतं. पण नाही!

"खरं एकच नाव निघालं. मोठेबाबांचं."

अंगणात मग जो गलका झाला!

"साराच्या सारा तलाव एकट्याच्या नावावर!"

"अबे, वीस वर्षांपासून सही घेऊन राहिला हा मानूस!"

"म्हणून त गोष्टी कमी करते अन रजिस्टर जास्त लिहिते!"

मोठेबाबांनी फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी खोलीत येऊन फॉर्मांचा गठ्ठा उचलला, जुन्या रजिस्टरची वही काखेत मारली आणि लाल पेन घेऊन कडुनिंबाखाली जाऊन बसले.

आणि तेव्हा कुठे मी नीट बघितलं. गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा फॉर्म देवाजी काकांचा होता, तो माझ्याच डोळ्यांसमोरून गेला. नाव फॉर्मवर होतं. नाव जुन्या यादीत होतं. माझ्याही यादीत होतं. अक्षर न् अक्षर तेच. मग कंप्युटरला दिसत का नव्हतं?

आता माझी धावाधाव बघा. कंप्युटर बंद करून चालू केला. हत्यारं काढून पुन्हा टाकली. फाईलची नावं बदलली. फोल्डरच्या नावात मोकळी जागा आहे म्हणून फोल्डर बदलला. मोबाईलवर शोधलं, तर तिथे कुणीतरी लिहिलं होतं, 'माझ्याकडे व्यवस्थित चालतं.' अरे, तुझ्याकडे चालतं तर तू इथे काय करून राहिला?

घड्याळात दोन वाजले. खिडकीत सुखदेव आजांचं डोकं उगवलं.

"मी म्हणलो होतो. जाळं ओलांडलं, यादीले लागलं."

"काय लागलं आजा?"

"दिसत नाही असं काहीतरी लागलं असन."

माझा भडका उडाला. "आजा, जे दिसत नाही ते नसते! एवढं साधं तुमाले कळत नाही? सगळ्या गोष्टीत जाळं काय आणता?"

आजा ढिम्म. "नसते त नसते माय. पण यादी कुठं हाय?"

मी खिडकी लावून घेतली. आणि रडकुंडीला येऊन शेवटचा एक उपाय केला. काळ्या खिडकीला म्हटलं, बाई गं, ह्या जुन्या यादीत जे काही आहे ते सगळं दाखव. न दिसणारंसुद्धा.

पडद्यावर मराठी नावांचा पार चिवडा झाला. पण त्या चिवड्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी एक खूण चिकटलेली होती. छोटीशी टोपी आणि इंग्रजी एम. पहिल्या ओळीला होती, दुसऱ्या ओळीला होती, सगळ्या ओळींना होती. शेवटची ओळ सोडून.

अहो, दिसत नाही असं काहीतरी खरंच लागलं होतं! बासष्ट नावांना!

आणि हे मी कॉलेजात शिकले होते. परीक्षेत लिहिलं होतं. मार्क मिळाले होते! नोटपॅड ओळ संपली की दोन खुणा टाकतो, युनिक्सवाले एकच टाकतात. ती जादाची खूण माणसाला दिसत नाही, पण युनिक्सच्या हत्याराला ती नावाचाच भाग वाटते. म्हणजे त्याच्या लेखी जुन्या यादीतले देवाजी वेगळे आणि माझ्या यादीतले देवाजी वेगळे.

मी धावत कडुनिंबाखाली गेले. कुठून गेले ते विचारू नका, घाईत होते.

"मोठेबाबा, ओळीच्या शेवटी एक जास्तीची खूण हाय. म्हणजे कसं सांगू..."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "टायपिंगच्या मशीनसारखं काय?"

"आँ?"

"मशीनवर ओळ संपली की दोन कामं करा लागे. दांडी मारून गाडा सुरवातीले आणा, अन कागद एक ओळ वर सरकवा. दोन कामं, दोन खुणा. बराबर?"

मी बघतच राहिले. तीन वर्षांत आमच्या सरांना जे नीट सांगता आलं नाही, ते ह्या माणसानं लाल पेनाच्या टोपणानं मातीत दोन रेघा ओढून सांगितलं!

"पण मंग तुमच्याच नावाले ते खूण काहून नाही?"

"माहं नाव शेवटी हाय. त्याच्यानंतर मी एंटर मारत नाही."

"काहून?"

"सचिवानं आपल्या नावाखाली रिकामी ओळ सोडू नये. कोणी मागून नाव घुसवते." ते शांतपणे म्हणाले. "बोगस यादी अशीच बनते."

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. ज्या सवयीनं त्या माणसानं वीस वर्षं यादी सांभाळली, त्याच सवयीवरून मी त्याला चोर ठरवलं होतं.

मी परत गेले. ती जादाची खूण पुसणारं एक हत्यार असतं, ते चालवलं. किती वेळ लागला? डोळ्याचं पातं लवेपर्यंत. मग पुन्हा तीच आज्ञा, आणि भराभर नावं! एकसष्ट! मी छापलेला कागद घेऊन बाहेर आले, तर मोठेबाबांचा लाल पेन टोपणात गेलेला. त्यांचंही झालं होतं. मी चार तास, ते पाऊण तास.

त्यांच्या टिका मोजल्या. साठ.

"एकसष्ट हायेत," मी म्हटलं.

"साठ. मोजलो मी."

आम्ही दोन्ही कागद शेजारी धरले. एक नाव त्यांच्याकडे राहिलं होतं. ओळखा कुणाचं? सगळ्यांच्या नावापुढे टिका मारता मारता सचिव स्वतःलाच विसरले होते! मघाशी माझ्या यादीत ते एकटेच होते आणि आता त्यांच्या यादीत तेवढे एकटेच नव्हते.

देवाजी काका आधी हसले. मग सगळेच. "सचिवाचंच नाव नाही त फाईल दारातूनच वापस आली असती. पोट्टीनं वाचवलं बापा!"

आणि राहिलेले दोघं कोण? एक जण मुलाकडे नागपूरला राहायला गेलेला. दुसरे सुखदेव आजा. त्यांचा कोरा फॉर्म त्यांच्याच बंडीच्या खिशात निघाला.

"जाळ्याकडं पाहून राहिलो होतो न मी," आजा पुटपुटले आणि अंगठा उमटवला. बासष्ट.

मी मोठेबाबांच्या समोर गेले. सगळ्यांच्या देखत कान धरले. "चुकलं मोठेबाबा. न पाहता बोलली मी. माफ करा."

"यादी जुळली न? झालं मंग." त्यांनी सही केली. फाईल माझ्या हातात दिली.

तीन वाजले होते. कुंपणापाशी देवाजी काकांनी किक मारली. फाईल वेळेत पोहोचली आणि तलाव आमचाच राहिला, हे आत्ताच सांगून टाकते, कारण खरी गंमत त्याच्या आधीची आहे.

कुंपण आणि मी, मध्ये जाळं.

"आता तरी फिरून जा व माय," आजा म्हणाले. "जाळ्याची माफी माग. नारळ आणून फोड. पाह्यलं न काय झालं सकाळपासून?"

ओट्यावरच्या दोन-तीन म्हाताऱ्या माना हलल्या. कुंपणाच्या बाजूला आई उभी होती, डोक्यावर टोपली. ती नेहमीसारखी मागच्या चिखलातून फिरून आली होती. तिचे पाय घोट्यापर्यंत काळे.

मी थांबले.

"नाही आजा. मोठेबाबांवर आळ घेतला, त्याची माफी मागतली. अजून दहा वेळा मागीन. पण जाळ्याची नाही मागणार. खूण विंडोजनं लावली, जाळ्यानं नाही. हे जाळं माही माय रोज दुपारी शिवते. शिवताना मांडीवर चालते, तवा काही होत नाही. मंग ओलांडलं की काय होते? मी नाही जाणार फिरून. आजपासून कधीच नाही."

आणि टाकली टांग. ऐटीत. फाईल झेंड्यासारखी वर धरून.

सगळे म्हातारे गप्प. आजांचं तोंड उघडंच. एकही शब्द नाही, एकही खोकला नाही. मी मनात म्हटलं, जिंकलीस पोरी! काय बोललीस! कशी बोलती बंद केलीस!

मग माझ्या लक्षात आलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. माझ्या पायाकडे बघत होते.

सँडलचं बक्कल जाळ्याच्या डोळ्यात अडकलं होतं. एक पाय जाळ्याच्या अलीकडे, एक मधोमध, आणि अर्धं जाळं त्या पायासोबत ओढत आलेलं. हलले तर फाटणार, न हलले तर अशीच.

मोठेबाबा उठले. माझ्या हातातली फाईल काढून देवाजी काकांकडे दिली. मग माझ्या पायाशी उकिडवे बसले, चष्मा वर केला आणि एकेक धागा बक्कलातून सोडवू लागले. ओट्यावर हसू दाबताना सगळ्यांचे खांदे हलत होते.

पलीकडून आईनं टोपली खाली ठेवली, साडीचा काठ वर खोचला आणि सरळ जाळ्यावरून चालत माझ्याकडे आली. "दुसरा पाय उचलू नको," ती मला म्हणाली. "मीच शिवलं हाय हे. फाटलं त तुले शिवा लागन."