कोपऱ्यावरची छत्री

वन्सं गेल्या, तो फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभी राहिले... आणि आठवली ती माझी पांढरी साडी.

ऐंशीच्या दशकात लग्न होऊन मी बदलापूरला आले. पदवीचा तोरा एवढा, की घरात कुणाला काही विचारायचं नाही. समोरच्या कोपऱ्यावर प्रचंड चिंच होती, तिच्या सावलीत दोरी बांधून माहेरची साडी वाळत घातली. पावसाळ्यात त्या झाडावर गायबगळ्यांची वसाहत भरते, हे बाईसाहेबांना कुठलं ठाऊक! तासाभरात साडीचं जे व्हायचं ते झालं. वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद, पोट धरून हसल्या. "सुमे, साधी होती, आता बुट्ट्यांची झाली बघ!"

त्या स्वतः तिथून जाताना छत्री उघडत. ऊन असो, ढग असो, कोपरा आला की फट्‌कन छत्री. गल्लीतले लोक डबे बडवून पाखरं हाकलत, फटाके लावत; घाण वास यायचा, खोटं कशाला बोलू. वन्सं मात्र जुन्या खराट्याच्या काड्या सुट्या करून गच्चीवर पसरून ठेवत. बगळे येऊन हीर उचलत, आणि शेजारचा बगळा तेच हीर त्यांच्या घरट्यातून पळवी. विणीच्या दिवसांत त्यांची डोकी, माना केशरी होत. "हळद लागली गं यांना," असं म्हणत त्या अर्धा अर्धा तास बघत बसायच्या.

नव्वदच्या दशकात बदलापुरात बिल्डिंगा उठू लागल्या. चिंचेची जागा विकली गेली. वन्सं बिल्डरकडे गेल्या, मीही मागे. झाड वाचवा असं म्हणायची आमची ऐपतच नव्हती. एवढंच मागितलं, की पिल्लं उडेपर्यंत थांबा. "टेन्शन नको घेऊ मावशी, गणपती झाल्याशिवाय कुऱ्हाड लागणार नाय," तो म्हणाला. त्याने चहासुद्धा पाजला.

श्रावणी सोमवारी आम्ही दोघी अंबरनाथच्या शंकराला गेलो. परतलो तर कोपऱ्यावर नुसतं आभाळ. झाड आडवं, चिखलात पिल्लं, आणि वर बगळे घिरट्या घालत होते... खाली उतरत नव्हते, जातही नव्हते. वन्संनी बिल्डरला गाठलं. "लेबर आजच मिळालं मावशी, काय करणार?" तो म्हणाला.

जिवंत पिल्लं भाजीच्या टोपल्यांत घालून न्हाणीघरात आणली. मी प्रेमाने दूधभात कालवला. एकानेही चोच लावली नाही, उलट माझं बोट फोडलं. वन्संनी पिशवी उचलली आणि उल्हासनगरला, कॅम्प पाचच्या बाजारात जाऊन मासे आणले.

"वन्सं, श्रावण आहे!"

"माझा आहे. त्यांना कुणी सांगितलाय?"

भाजीच्या विळीवर त्यांनी मासे चिरले. वन्संच्या नावाने गल्लीत बोभाटा झाला, की शालूताईंनी श्रावण मोडला. बोटभर तुकडे त्या चोचीत घालत, तरी रोज सकाळी एखादी मान लोळलेली असे. न्हाणीघराचं दार उघडायची मला भीती वाटे. त्याच उघडायच्या, पदरात काहीतरी घेऊन परसात जायच्या. शेवटी एकच उरलं. ते गच्चीच्या कठड्यावर बसू लागलं, आणि एक दिवस दिसेना. गच्चीवर मांजरही यायचं. "उडालं," वन्सं म्हणाल्या. मी म्हटलं, "हो, उडालंच."

पुढच्या पावसाळ्यात थोडे बगळे आले, बांधकामाच्या सळयांवर बसले, आणि गेले. मग आलेच नाहीत. वन्सं मात्र शेवटपर्यंत त्या कोपऱ्यावर छत्री उघडत राहिल्या. मी चिडवायची, "आता काय पडणार आहे डोक्यावर?" त्या म्हणायच्या, "पडलं तर बरंच की गं."

दहाव्याला बदलापूरच्या घरी गेले तेव्हा वन्संची छत्री खिळ्याला होती. काळ्या कापडावर जुने पांढरे डाग, धुऊनही न गेलेले. ती मागून घेतली. कोपऱ्याशी आले, उघडली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. बिल्डिंगचा वॉचमन हसला. हस बाबा, तुझं बरोबर आहे.

थोडा वेळ तिथेच उभी राहिले... काही पडलं नाही.