बलकाचं काय करायचं

वजन उतरवायचं ठरवलं, पण गोड काही सुटेना. म्हणून मी घरीच मेरँग कुकीज करायला लागले. अंड्यातला नुसता पांढरा भाग फेस घट्ट होईपर्यंत फेटायचा, साखर अगदी नावाला, आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवायचं. कॅलरी जवळजवळ नाहीतच. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत मी हे शहाणपण बरंच मिरवलं.

उरायचे ते पिवळे बलक. अन्न टाकायला माझा हात धजत नाही. मग त्यांची कांदा आणि भरपूर तूप घालून भुर्जी करायची आणि खराडीच्या ऑफिसातून दमून आलेल्या नवऱ्याच्या पानात वाढायची. तो खूश होऊन आणखी एक पोळी मागायचा. वायाही काही जात नव्हतं आणि घरात माझं कौतुकही होत होतं. वर्षभर हे असंच चाललं.

गेल्या महिन्यात त्याचं कोलेस्टेरॉल चांगलंच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं फार खाता का?"

"छे हो," तो जरा अभिमानानेच म्हणाला, "सगळं हिच्या हातचं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा चांगली सडसडीत झाले होते. म्हणाले, "वहिनी, तुम्ही स्वतः जे खाता, तेच यांना देत जा."

मी नुसती मान डोलावली. दवाखान्याचा जिना उतरताना नवरा उलट मलाच समजावत होता, "उगाच मनाला लावून घेऊ नकोस. तू कुठे कमी पडलीस?"