सासूबाईंना गेलेला गृहपाठ

माझ्या सासूबाई कठीण आहेत, हे मी त्यांच्या अख्ख्या कुटुंबाला इंग्रजीतून, स्वतःच्या आवाजात कळवलं आहे.

हेतू शुद्ध होता. ऑफिसात नवीन साहेब इंग्रजीच बोलतात, म्हणून पन्नाशीच्या तोंडावर मी मीरा रोडला क्लास लावला. मॅडमनी गृहपाठ दिला : 'डिफिकल्ट' शब्द वापरून वाक्य रेकॉर्ड करा आणि ग्रुपवर टाका. "और सेंटेन्स अपनी लाइफ का होना चाहिए!" (इथेच घात झाला.) मी बाल्कनीत उभा राहून खणखणीत म्हणालो, "माय मदर-इन-लॉ इज अ व्हेरी डिफिकल्ट वुमन!" आणि ते क्लासच्या ग्रुपऐवजी सासरच्या 'भाईंदर फॅमिली' ग्रुपवर गेलं.

घाईघाईत डिलीट केलं. ते फक्त माझ्याच फोनवरून गेलं! आता ते वाक्य सासुरवाडीत सगळ्यांकडे होतं, माझ्याखेरीज.

फोन हातात घेऊनच सुजाता, माझी बायको, बाल्कनीत आली.

"सुजाता, आईंना इंग्रजी येत नाही ना?"

"नाही."

"तू नाही ना सांगणार त्यांना?"

"मी कशाला? तूच सांग."

तेवढ्यात सासूबाईंचाच फोन!

"जावय, मदर-इन-लॉ म्हंजे मी, तवरं कललं. फुरचं 'डिफिकल्ट' न्हाय. पोरं नुसती हसतान, कोन सांगं न्हाय. रविवारी जेवाला ये नि समजाव!"

रविवारपर्यंत मला झोप नाही. भाईंदर गावात पोचलो, तर सासूबाई कोयत्याने सुरमई कापत बसलेल्या. मेहुण्यांनी खुर्च्या पुढे ओढल्या. एकाने ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, मोठ्या आवाजात!

"आता बोल. डिफिकल्ट म्हंजे काय र?" कोयता हवेत थांबला.

"म्हणजे... आई... लाखात एक! सहजासहजी न मिळणारी!"

मेहुण्यांना एकदम खोकला आला. सासूबाईंनी मात्र पदराने डोळे पुसले.

"आवरी वरसा झाली, जावय आसा कवा बोलला न्हवता," त्या म्हणाल्या आणि जेवताना सुरमईची सगळ्यात मोठी तुकडी माझ्या ताटात आली.

पुढच्याच महिन्यात धाकट्या मेहुण्याची हळद होती. मी साहेबांनाही बोलावलं होतं. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला आणि भरमांडवात, माझ्या साहेबांसकट सगळ्यांना अभिमानाने सांगितलं, "यो माजा जावय! लय डिफिकल्ट हाय!"

साहेबांनी दचकून सुजाताकडे पाहिलं. सुजाताने शांतपणे मान डोलावली.

क्लासची फी मी भरली, पण त्या शब्दाचं अचूक वाक्य जमलं ते सासूबाईंना!