एक नंबरचं मिनिट

माझे बाबा कुवेत शहरात, मिरकाबमधल्या एका दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे. गावी, कोकणात, ते सातवीपर्यंत शिकले होते. पण वर्षातल्या एका शुक्रवारी सकाळी, तेल कंपनीच्या वसाहतीत, त्यांच्या हाताशिवाय एकही मोटरसायकल जागची हलत नसे.

तिथे दर हिवाळ्यात मोटरसायकलींची जुनी शर्यत व्हायची. वसाहत उंचावर होती. तिथून खाली समुद्रापर्यंत जायचं आणि परत यायचं. रस्ता रोजच्या रहदारीचाच, त्या सकाळपुरता बंद ठेवलेला. कंपनीतल्या गोऱ्या साहेबांनी ही शर्यत फार पूर्वी सुरू केली होती. पुढे कुवेती आले, आपले लोकही आले. सगळे एकदम सुटत नसत. मिनिटाला एक. बाबा रेषेशी उभे राहत, डाव्या हातात स्टॉपवॉच आणि उजवा हात मोटरसायकलवाल्याच्या खांद्यावर. मिनिट भरलं की हात उचलायचा आणि अरबीत 'चल' म्हणायचं, "यल्ला." झेंडा नाही, शिट्टी नाही.

एक नंबर वर्षानुवर्षं एका कुवेती मास्तरांचा होता. इराकच्या आक्रमणाच्या महिन्यांत त्यांना घरातून नेलं, आणि ते परत आले नाहीत. शर्यत पुन्हा सुरू झाली तेव्हा मी शाळेत होते आणि बाबांबरोबर गेले होते. गैरहजर माणसाची वेळ पुढच्याला द्यायची, असा नियम होता. बाबांनी ती दिली नाही. रिकाम्या जागेवर, खांद्याच्या उंचीवर, त्यांनी मिनिटभर हात धरला. मग कुणाला निरोप द्यावा तसं अर्धं पाऊल पुढे टाकलं आणि म्हणाले, "यल्ला." जुन्या मंडळींपैकी काहीजण तेव्हा चिडले होते. असं कधी झालं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. दहाएक वर्षांनी तीच माणसं नव्यांना सांगायची, "थांबा, आधी एक नंबर जाऊ दे. इथली पद्धत आहे."

मी पुण्याला इलेक्ट्रॉनिक्स शिकायला गेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे सुट्टीत कुवेतला, सालमियातल्या घरी आले की लोक मला विजेची कुठलीही वस्तू दाखवायचे आणि मला ती दुरुस्त करता येईलच असं नसे. तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात शर्यतीचे सेक्रेटरी घरी आले. ते नाशिकचे इंजिनियर, मी त्यांना काका म्हणायचे. त्यांनी एक खोकं टेबलावर ठेवलं. आत सुटायच्या आणि परतीच्या रेषेसाठी दोन सेन्सर आणि लॅपटॉपवर चालणारा प्रोग्राम होता. रेषेवरून आडवा किरण जाणार, तो तुटला की वेळ आपोआप नोंदली जाणार.

"तू जोडून दे," काका म्हणाले. "यंदा हे आणि बाबांचा हात, दोन्ही ठेवू. नीट चाललं तर पुढच्या वर्षीपासून सुटायचा इशारा द्यायला दिवे लावू. बाबांनाही आराम."

"आणि एक नंबरचं मिनिट?" मी विचारलं.

"दिव्यांनी कुणाला सोडायचं गं? रिकाम्या रस्त्याला? ते बंद करावं लागेल."

मला यंत्र चालायला हवं होतं, हे मी लपवत नाही. बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता. घड्याळ ते खिडकीकडे धरून बघायचे आणि बारीक स्क्रू दुकानातल्या दुसऱ्याकडून बसवून घ्यायचे. पण ते मिनिटही राहायला हवं होतं. दोन्ही एकदम हवं असणं मला तेव्हा लबाडीसारखं वाटायचं.

काका गेल्यावर बाबांनी सेन्सर हातात घेऊन उलटासुलटा केला. "तुझ्या यंत्राक नसलेलो माणूस दिसता काय गो?"

"नाही, बाबा."

"मगे तेका शिकव."

शर्यतीच्या आदल्या दुपारी मी यादी भरायला बसले. प्रोग्राम नावाशिवाय ओळ घेईना. एक नंबरपुढे काय लिहावं ते मला सुचेना आणि बाबांना विचारायचा धीर झाला नाही. मी ती ओळ काढून टाकली आणि यादी दोनपासून सुरू केली. तो नंबर धावणारच नाही, मग यंत्राला कशाला हवा, अशी मी माझी समजूत घातली.

सकाळी बाबांनी रिकाम्या जागेवर हात धरला. मी जवळच टेबलाशी बसले होते. मिनिट भरलं, बाबा अर्धं पाऊल पुढे गेले, "यल्ला" म्हणाले, आणि लॅपटॉप वाजला. मला वाटलं, चालतंय.

दोन नंबरवाला सगळ्यांत आधी परतला. हेल्मेट काढून त्याने पडद्याकडे बघितलं. "एक मिनिट जास्त? मी काय खाली चहा प्यायला थांबलो होतो?"

मग तीन नंबरही मिनिटभर मागे, चार नंबरही. बाबांच्या हाताने लिहिलेल्या कागदावर मात्र सगळ्यांच्या वेळा नेहमीसारख्या होत्या. काकांनी लॅपटॉपवरच्या सुटायच्या वेळा बघितल्या आणि हसले. "अगं, बाबा पुढे आले तेव्हाच किरण तुटला. यंत्राला वाटलं दोन नंबर सुटला. तिथून सगळे एकेका मिनिटाने चुकले. बघ, म्हणून म्हणतो. यंत्र बरोबर आहे, माणूस मध्ये येतोय. माणूस काढला की झालं."

बाबा स्टॉपवॉच रुमालाने पुसत होते. तेव्हा मी गप्प बसले असते तर चूक त्यांच्या नावावर जमा झाली असती आणि ते मिनिट त्या सकाळीच संपलं असतं.

"नाही, काका," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "चूक माझी आहे. बाबांनी एक नंबर सोडला. यादीतून तो मी काढला होता."

"मग आता?"

"आता घालते."

"नाव काय घालणार?"

मी बाबांकडे बघितलं.

"तेचाच घाल," ते म्हणाले.

मी मास्तरांचं नाव लिहिलं. एक अक्षर चुकलं, परत लिहिलं. बटण दाबल्यावर सुटायच्या वेळा एकेक ओळ खाली सरकल्या. काकांनी बाबांचा कागद शेजारी धरला आणि बोट फिरवत ओळीओळीने ताडून बघितलं. फरक सेकंदाच्या आतलाच होता.

"हां, ही माझी वेळ," दोन नंबरवाला म्हणाला आणि चहाकडे वळला.

काका मात्र पहिल्या ओळीशी थांबले. जो सुटला पण परतला नाही, त्याच्यापुढे प्रोग्राम स्वतःच शेरा टाकत होता: अजून रस्त्यावर. "हे खोडता येईल ना?"

"येईल. पण मी खोडणार नाही. पुढच्या वर्षी दिवे लावा, मी जोडून देईन. फक्त यादी एकपासून सुरू होईल, आणि पहिलं मिनिट मास्तरांचं." काकांशी मी एका दमात इतकं कधी बोलले नव्हते.

त्यांनी हनुवटी खाजवली. "आधी कागद तर छापून आण," ते शेवटी म्हणाले.

वसाहतीच्या क्लबातून मी निकाल छापून आणला आणि काकांनीच तो फळ्यावर लावला, पहिल्या ओळीसकट. बाबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. मान पुढे केली, मागे घेतली.

"माका दिसना नाय. वाच."

मी एक नंबर वाचला. नाव, सुटायची वेळ आणि त्यापुढचा शेरा. बाबांनी रिकाम्या रस्त्याकडे एकदा बघितलं आणि स्टॉपवॉच खिशात टाकलं.

"आता दोन नंबर वाच," ते म्हणाले.